बिनवातीची दिनामिता

नऊ वर्षं हाँगकाँगला परक्यांचं पोर सांभाळून आई फिलिपिन्समधल्या आमच्या बिकोलला परतली आणि त्याच दुपारी माझ्यासाठी दिनामिता तळायला बसली. लांब हिरव्या मिरचीत चीज, वरून पातळ पारी आणि बाहेर डोकावणारा देठ, सुरुंगाच्या वातीसारखा. तिनं मात्र सगळ्या बिया खरवडून काढल्या, देठही छाटले. मी एक चावली. "आई, ही मिरची की दुधी भोपळा? आणि वात कुठं गेली?" "अगं, देठ घशात अडकतो. आणि जराही तिखट लागलं, की बॉस्को ताटच ढकलून..." साहेबांच्या मुलाचं नाव तोंडातून निसटलं तशी ती थांबली. मला वाढवणारी मावशी मान खाली घालून लसूण ठेचत राहिली. "त्याचं कळलं. मला कशी आवडते, सांग बघू?" मी विचारलं. कढईतून धूर निघाला. आईनं माझ्याकडं पाहिलं. मग परीक्षेत शेजारणीच्या पेपरात डोकावावं तसं हळूच मावशीकडं.