पट्टी वर आली का?

मैदानाच्या समितीतल्या शहाण्यांनो, बाबांचं रिमोटवरचं विमान पडलं तेव्हा तुम्ही त्यांचे हात तपासलेत. विमान उघडून एकानेही बघितलं नाही. "काका, हात थरथरतात तुमचे. आता घरी बसून नातवंडांचे पतंग उडवा," असं चारचौघांत म्हणालात आणि त्यांचं उड्डाणाचं कार्ड काढून घेतलंत. बाबा मान खाली घालून म्हणाले, "वय झालं. चुकलं माझं."

आदल्या दिवशी पंखातली मोटर मी बदलली होती, पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या वर-खाली करून विमान वळवणारी. नवी मोटर उलटी फिरत होती, रिमोटमध्ये तिची दिशा बदलायला हवी होती. मी विसरले. उडवण्याआधी बाबांनी रिमोट हातात घेऊन नेहमीसारखं लांबून विचारलं, "दांडी उजवीकडे केलीय. उजव्या पंखाची पट्टी वर आली का गं?" मी विमान धरून बसले होते, डोळे मोबाईलमध्ये. म्हटलं, "आली." ती खाली गेली होती. विमान हवेत गेल्यावर बाबांनी ते उजवीकडे वळवलं, तर ते डावीकडे कलंडलं आणि जमिनीत घुसलं.

तुमच्यासमोर माझी दातखीळ बसली, ती महिनाभर सुटली नाही. काल शेवटी विचारलं, "बाबा, माझी चूक तुम्हाला कधी कळली?"

तुटका पंख चिकटवता चिकटवता ते म्हणाले, "विमान हवेत होतं तेव्हाच."

माझं कार्ड या पत्राला जोडलंय. त्यांचं कधी परत देताय, ते लेखी कळवा.