बाईंनी दिलेले शब्द

शुशानने परात व्हेर्किनमावशींच्या पुढ्यात सरकवली आणि रेकॉर्डर साखरेच्या भांड्यामागे ठेवला. लपवायचा नव्हता, पण डोळ्यांसमोरही नको होता.

"बाई येणार म्हणून सकाळी सातपासून केस विंचरून बसल्यात," मावशींची सून आलिस चुलीपाशी म्हणाली. "डॉक्टरला पण एवढा मान नाही."

मावशी एक्क्याण्णवच्या. बाई, म्हणजे शुशान, त्यांच्याहून पंचवीसेक वर्षांनी लहान. पण बाई त्या बाईच. फ्रान्समधल्या मार्सेच्या त्या टेकडीवर निम्म्या वस्तीला आर्मेनियन अक्षरं शुशाननेच शिकवली होती, पट्टी आपटून.

मावशींना विचारून काही आठवत नाही, नवऱ्याचं नावसुद्धा कधी सापडतं कधी नाही, हे आलिसने फोनवरच सांगून टाकलं होतं. हात मात्र शाबूत आहेत म्हणाली. म्हणून शुशान घरूनच मैद्याची पारी लाटून, नखाएवढे चौकोन कापून, खिमा घेऊन आली होती. हातांना मंती, त्या खिम्याच्या इवल्या होड्या, वळायला द्यावी, म्हणजे मागोमाग मावशींच्या आईचं जुनं गाणं येईल. ते गाणं होतंच मंती वळतानाचं.

आणि ते बंदही शुशाननेच केलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी चर्चच्या सभागृहात जत्रेसाठी बायका मंती वळत बसल्या होत्या आणि मावशी ते गाणं म्हणत होत्या, तुर्कीत. तुर्कस्तानातल्या कायसेरीकडून आलेल्या आर्मेनियनांची घरातली भाषाच ती. शुशान तेव्हा नवी बाई, अंगात वारं शिरलेलं. ज्यांनी आपल्याला गावातून हाकललं आणि वाटेत मारलं, त्यांच्या भाषेत या छपराखाली गायचं नाही, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. पुढच्याच शनिवारी तिने त्याच चालीवर आर्मेनियन शब्द बसवून आणले. जर्दाळूचा मोहर, पांढरा डोंगर, असलं काहीबाही. डोंगर तिने तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. मावशींना अक्षरं येत नव्हती, म्हणून त्यांच्याकडून तोंडी घोकून घेतलं. पोरांचा वाद्यवृंद अजून दरवर्षी ते वाजवतो.

चाल आपण वाचवली, असंच ती समजत आली. मग गेल्या महिन्यात मावशींच्या धाकट्या बहिणीच्या मर्तिकाच्या जेवणात शेजारची एक म्हातारी भात चिवडता चिवडता सहज बोलून गेली, की त्या जुन्या गाण्यात कडव्याकडव्याला एकेका मुलीचं नाव होतं. मावशींच्या आईबरोबर गावातून चालत निघालेल्या, आणि वाटेत राहून गेलेल्या. सात होत्या की नऊ, तिला आठवेना. नावं तर नाहीच. शुशानने पुढचा आठवडाभर वस्ती पालथी घातली. नावं माहीत असतील असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते आता समोर बसून बोटांना पीठ लावत होतं.

पहिली मंती मावशींनी सावकाश वळली. चौकोनात डाळीएवढा खिमा, दोन टोकांना चिमटा, झाली होडी. मग बोटांना वेग आला. परातीच्या काठाने होड्यांची एक ओळ झाली, आत दुसरी सुरू झाली. शुशानही वळू लागली.

मावशींनी तिची एक उचलून पाहिली. "ही बुडणार, बाई," त्या म्हणाल्या आणि नीट दाबून परत ठेवली.

तिसऱ्या ओळीला मावशींचं डोकं हलायला लागलं. मग नाकातून सूर आला, बारीक, थोडा फाटका. शुशानने मान वर केली नाही. सुराला शब्द फुटले. तुर्कीच होते. आलिसने चुलीवरचं झाकण हळूच ठेवलं. एक ओळ झाली, आणि दुसरीच्या टोकाला स्वच्छ, पुरं नाव आलं. ओसान्ना.

शुशानचा हात चिमट्यातच थांबला.

मावशींनी तो थांबलेला हात पाहिला. तिथून त्यांची नजर बाईंच्या तोंडाकडे गेली, आणि त्यांनी पिठाचा पंजा स्वतःच्या तोंडावर दाबून धरला.

"चुकलं, बाई."

"नाही, मावशी." शुशान म्हणाली. "चूक माझी होती. तेच म्हणा. ओसान्नानंतर कोण होती?"

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत हुशारी चमकली. बाई वर्गात असंच करायच्या, मुद्दाम चुकीचं सांगायच्या, आणि जे पोर हो म्हणेल त्याला बाकावर उभं करायच्या. अख्ख्या वस्तीला ही खोड ठाऊक होती.

"मला पाडायला बघता होय?" मावशी म्हणाल्या.

आलिसने सांगून पाहिलं, की अहो, बाई स्वतः म्हणताहेत ना, म्हणा की. शुशानने मावशींचे दोन्ही हात धरले, शपथ घातली, पस्तीस वर्षांत कुणाची मागितली नव्हती ती माफी मागितली. मावशी हसून मान हलवत राहिल्या. मग त्यांनी हात सोडवून घेतले, मांडीवर जुळवून ठेवले, पाठ ताठ केली, आणि जर्दाळूच्या मोहरापासून सुरुवात केली. तिन्ही कडवी. शुशानने महिनाभर घटवून घेतलेला तो जाड 'र'सुद्धा जागच्या जागी. साखरेच्या भांड्यामागे रेकॉर्डर चालू होता.

गाणं संपलं तेव्हा मावशींना धाप लागली होती. तोंडावर पिठाची बोटं उमटलेली. त्या पुढे वाकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या,

"मघाचं तेवढं धरू नका हं, बाई."