सहा वाजताचा ताप

मंडईत भज्यांची कढई पायावर उलटून भाजलेल्या हेमराजवर त्वचारोपण ठरले होते. मात्र ताप असेपर्यंत शस्त्रक्रिया नाही, असे डॉक्टर करुणांनी त्याच्या आईला, रंभाबाईंना, बजावले होते. ताप रोज संध्याकाळी सहालाच चढे. जखम, रक्त, लघवी, फुप्फुसे सगळे निर्दोष निघाले. अखेर डॉक्टर स्वतःच सहाला, भेटीच्या वेळी, खाटेजवळ उभ्या राहिल्या. गावाहून, अड्याळहून, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला रंभाबाई थर्मासमधला वाफाळता चहा देत होत्या आणि पाहुण्याने एकट्याने पिऊ नये म्हणून हेमराज दरवेळी साथ देत होता. पाठोपाठ परिचारिकेने त्याच्या जिभेखाली तापमापक ठेवला. पुराव्यादाखल डॉक्टरांनी चहा पिऊन दुसरा तापमापक तोंडात धरला. एकशे एक! त्या म्हणाल्या, “ताप चहाचा! उद्या ऑपरेशन!” रंभाबाईंनी डॉक्टरांच्या कपाळाला हात लावला. “ताप असला का ऑपरेशन नाही, तुमीच म्हणलं! आधी तुमचा उतरू द्या, म्याडम!”