मुखवटेवाल्याचा नियम

"तो धावत नाही," रँडल म्हणाला. "हे आधी डोक्यात घे. ऑर्लिननं रचलेला खुनी कधीच धावला नाही."

मारितची पेन्सिल थांबली. "सगळे पळतायत आणि हा चालतोय, तरी गाठतो?"

"गाठतो," डॉटी म्हणाली. "घाई कसली ती त्याला नसतेच."

तळघरातल्या टेबलावर चीजच्या तुकड्यांची बशी होती. तिला अजून कुणी हात लावला नव्हता. वर मारितचं तान्हं बाळ आजीजवळ झोपलं होतं. त्याला घेऊन ती अलास्काहून विस्कॉन्सिनला, माहेरी आली होती. बाबा, म्हणजे ऑर्लिन, गेले तेव्हा तिचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी विमानात पाऊल ठेवायला बंदी केली होती. झोपेतच हृदय बंद पडलं, आईनं फोनवर एवढंच सांगितलं. बाबांना मातीही तिच्याविनाच दिली गेली.

आता उरला होता तो हा खेळ. तिला आठवतं तेव्हापासून दर शनिवारी बाबा या तीन जुन्या मित्रांना घेऊन या टेबलाशी तो चालवत. रँडल बुटका योद्धा व्हायचा, डॉटी पुजारीण, क्लेटन चोर. जंगलं, राक्षस, विश्वासघातकी राजे बाबा नुसत्या बोलण्यातून उभे करत, आणि कोण तरलं, कोण बुडालं ते फासा ठरवी. शेवटच्या वर्षी त्यांनी कधी नव्हे ती खुनांची मोहीम रचली. ती अर्धीच राहिली. कागदावर एक ओळ नव्हती. जे होतं ते या तिघांच्या आठवणीत. मारितला ती मोहीम पुरी करायची होती, बाबांनी केली असती अगदी तशी.

"जागा कुठली?"

"टेकडीवरचा मठ," क्लेटन म्हणाला. "मोठा. लांबलचक ओसरी, दोन्ही बाजूंना खोल्या. एकाही दाराला आतून कडी नाही."

"हे छान आहे."

"तुला छान वाटेल. तुला तिथं राहायचं नव्हतं ना."

"आणि प्रत्येक दाराबाहेर पाहुण्याचं नाव लिहिलेलं," डॉटी म्हणाली. "सकाळी उठावं तर एखादं नाव पुसलेलं असायचं. कुणी काही बोलायचं नाही."

मारितनं भराभर लिहून घेतलं. एवढं बारीक, एवढं थंड काही बाबांना सुचलं, याचा तिला अभिमान वाटला. "तो दिसतो कसा?"

"फिका हिरवा मुखवटा. फक्त डोळे दिसतात. पायांत कापडी जोडे, आवाज नाही."

"आणि हत्यार?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"त्याची पद्धत वेगळी आहे," रँडल सावकाश म्हणाला. "खिडकीशेजारच्या खोलीत एक म्हातारा भाट उतरलाय. त्याला वाचवायचं, हे आमचं काम. पण खुनी त्याला एका घावात मारत नाही. पहिल्यांदा आला, त्याचे केस घेऊन गेला. मग जिभेची चव. मग आवाज."

"भाटाचा आवाज! अरे देवा. बाबा निर्दय होते."

"निर्दय कसला," क्लेटन म्हणाला. "सांगताना हसत होता लेकाचा. माझा चोर घाबरून खाटेखाली लपला, तर म्हणे, तिथं जागा नाही, रँडलची ढेरी आहे."

मारितला हसू आलं आणि तिनं मान खाली घातली. "बरं. त्याला हरवायचं कसं?"

क्लेटन हातातल्या बाटलीवरचा कागद नखानं सोलू लागला.

"ते ऑर्लिननं सांगितलं नाही," डॉटी म्हणाली.

"काहीतरी खूण ठेवली असेलच."

"आम्ही फार शोधली, मारित."

आठवडाभर मारितनं दुसरं काही केलं नाही. बाळाला पाजताना, भांडी विसळताना ती त्या ओसरीवरून फिरत राहिली. जो हरूच शकत नाही त्याचा खेळ होत नाही, हे तिला लहानपणी बाबांनीच शिकवलं होतं. वाट अवघड ठेव, पण ठेव. मग ती असणार कुठं? पुसलेली नावं तिनं पुन्हा पुन्हा मनात मांडली. मेलेले सगळे आपापल्या खोलीत एकटे होते. एकटे! नियम तिला सापडला. ज्याच्याजवळ कुणी बसलेलं आहे, त्याला मुखवटेवाला शिवू शकत नाही. हे बाबांचंच होतं, तिला शंका उरली नाही.

शनिवारी दुपारी ती बाबांच्या खुर्चीत बसली. पुढ्यात त्यांचा फासे झाकायचा पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. तिनं वारा सांगितला, ओसरीवरचे विझत जाणारे दिवे सांगितले. आवाज एकदाही कापू दिला नाही.

"तो दाराशी उभा आहे. भाट डोळे मिटून पडलाय. काय करता?"

"मी खाटेशेजारी बसते," डॉटी म्हणाली. "त्याचा हात हातात घेते."

"मी दाराकडे तोंड करून बसतो," रँडल म्हणाला.

"मी पायाशी," क्लेटन म्हणाला.

"लढत नाही? फासा टाका की."

"नको. आम्ही बसलोय."

मारितला भरून आलं. एवढ्या चटकन त्यांना वाट सापडेल असं तिला वाटलं नव्हतं. "मुखवटेवाला उंबऱ्यावर थांबतो," ती म्हणाली. "तिघांकडे पाहतो. त्याला आत येता येत नाही. तो वळतो, ओसरी उतरतो, टेकडीखाली दिसेनासा होतो. उजाडतं. भाट डोळे उघडतो आणि खायला मागतो."

कुणी टाळी वाजवली नाही. रँडलनं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं उगाचच पुसत बसला. क्लेटन उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"बरोबर आहे ना?" मारितनं विचारलं. "बाबांनीही हाच शेवट ठरवला असणार ना?"

"डॉटी, नको," रँडल म्हणाला.

"बाळ होईपर्यंत गप्प बसा म्हणाला होता, रँडल. बाळ झालंय." डॉटीनं टेबलावरून हात पुढे केला आणि मारितचा हात घट्ट धरला. "पोरी, त्याचं शेवटचं वर्षभर आम्ही या टेबलाशी बसलोच नाही, खेळ चालायचा तो इस्पितळात, ऑर्लिनच्या खाटेभोवती, आणि आम्ही त्याला एक रात्रही एकटं सोडलं नव्हतं."