थंडीबाई

शेकोट्या पेटवूनही थंडीनं दोन हिवाळे दिंडोरीच्या गेणूअण्णांच्या द्राक्षांचे मणी तडकवले होते. त्यामुळे नाशिकचे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "कुसाबाईंची कॅन्सरची गाठ थंडीनंच गोठवून मारू," तेव्हा अण्णांनी सहीचं पेन खाली ठेवलं. "त्या सटवीला माझ्या बायकोजवळ फिरकू द्यायचो नाय."

"बागेत फुकट नाचती ना? मग एक डाव लावा की तिला कामाला," कुसाबाई म्हणाल्या.

अण्णांनी सही केली. गाठ गेली. पुढच्या पौषात पुन्हा कडाका पडला, तसे अण्णा पहाटेच काडेपेटी घेऊन बागेकडे पळाले.



बांधावर कुसाबाई खण-नारळ घेऊन उभ्या होत्या. "जरा दम धरा. बाईची ओटी भरते, मग खुशाल हाकला."