डावा बूट

ब्रह्मदेशच्या लढाईत धरमसिंग हवालदाराचा डावा पाय गेला, तो तिथंच पुरला. मेडशीजवळच्या तांड्यात परतल्यावर म्हातारा नऊ वर्षं रोज सकाळी दोन्ही बुटांना तेल लावायचा. सून रुपाबाईनं एकदा विचारलं, "मामाजी, डाव्याले कायले तेल?"

"पाय मागं राह्यला व पोरी. येईन तो बी घरी."

म्हातारा गेला तेव्हा अख्खा तांडा रडला. चितेवर कुबडी ठेवली, उजवा बूट पायात घातला. डावा बिनकामाचा, म्हणून रुपाबाईनं तो खुंटीलाच राहू दिला.

माणूस गेला की त्याच्या जागी पीठ पसरून टोपलं झाकायचं आणि सकाळी उमटलेल्या खुणेवरून तो कोणत्या जन्माला गेला ते ओळखायचं, अशी तिथली रीत. रुपाबाईचा नवरा रामधन यानं टोपलं उचललं. सारे वाकले. पिठात माणसाचं उघडं पाऊल होतं, पाची बोटं स्पष्ट.

"बाप माणसाच्याच जन्माले गेला," रामधन डोळे पुसत म्हणाला.

रुपाबाईनं त्याचा दंड धरला. "अवो, हे पाऊल डावं हाय."

पिठाचे ठसे टोपल्याबाहेरही होते, एकामागं एक, लंगडी घातल्यासारखे, थेट खुंटीपर्यंत. खुंटी रिकामी होती. बूट खाली, दाराकडे टाच करून, घरात तोंड करून उभा होता. नऊ वर्षं सुटी लोंबणारी नाडी घट्ट बांधलेली होती.

तिनं उचलायला हात घातला. बूट जड होता, आणि चामड्याखाली बोटं हलली.