बारावी नळी

"माझ्या नळ्यांवरची लेबलं कधी चुकत नाहीत," मिरगीवर संशोधन करणारे डॉक्टर राजदीप छाती ठोकून सांगत. पारोळ्याजवळ पिढ्यानपिढ्या मिरगी असलेल्या घरात रक्त घ्यायला गेले, तर म्हातारी ताईबाई अडली, "पहिले तुमनं रगत काढा, मंग आमनं." घरातल्या अकरा जणांसाठी अकरा नळ्या होत्या; त्यांनी हसत जास्तीची बारावी नळी स्वतःच्या रक्तानं भरून तिलाही लेबल लावलं. मग विचारलं, "सकाळी झटका येऊन हातातला कप पडतो?" "म्हनीसन त आम्ही स्टीलना पेलामा पितस." महिन्यानं धुळ्याला रिपोर्ट आला. मिरगीचा जनुकीय दोष बाराव्या नळीतही होता. "लेबलं बदलली असतील," डॉक्टर पुटपुटले. "सर, तुमची कुठं चुकतात?" सहायक दिपमाला म्हणाली. त्यांनी तीनदा पाहिलं, अक्षर त्यांचंच. बापाला झटके नसले तरी दोष लेकरांत उतरतो, हे शिकवणारेही तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दहावीतल्या लेकीच्या हातून चहाचा कप पडला. आठवड्यातला तिसरा.